पढवलेली नाडी

सिस्टर कधीच कुणाला "कसे आहात?" असं विचारायच्या नाहीत. "हात आण," म्हणायच्या. समोरचा माणूस भाजी घेऊन चाललेला असो, फोनवर बोलत असो, की नुकताच बायकोशी भांडून बाहेर पडलेला असो, त्याचं मनगट त्यांच्या तीन बोटांत गेलेलं असायचं आणि त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. पूर्ण एक मिनिट. त्या मिनिटात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्यांवर तर त्यांचा भारी राग. "ज्याला एक मिनिट जड होतं त्यानं पेशंटला हात लावू नये," हे ठरलेलं वाक्य. मिनिट संपलं की आकडा सांगायच्या, हात सोडायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, आता बोल."

त्या माझ्या मेडिकलच्या दारात बसायच्या. विश्रांतवाडीला माझं औषधांचं दुकान आहे. मी मूळचा पेठेतला. नदी ओलांडून इकडे दुकान टाकलं तेव्हा आमच्या काकांनी "परमुलखात चाललास, जपून राहा" असा आशीर्वाद दिला होता. सिस्टर मागच्या गल्लीत राहायच्या. मोठ्या सरकारी रुग्णालयात उभी हयात घालवून वॉर्डच्या मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा आधीच गेलेला, मुलगी सुजाता खराडीला नोकरीला आणि राहायलाही तिकडेच. रोज संध्याकाळी साडेपाचला सिस्टर यायच्या, काउंटरशेजारच्या लाकडी स्टुलावर बसायच्या आणि त्यानंतर दुकान माझं राहत नसे. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे हात करायचं, मग माझ्याकडे चिठ्ठी.

हे सगळं कौतुकानं सांगतोय, पण आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला चांगला माणूस समजायला नको. मी सिस्टरांची नाडी आयुष्यात एकदाच मोजली. मोजण्यात चूक झाली नाही, हे कुठेही शपथेवर सांगेन. आणि तरीही त्या गेल्या त्या माझ्या त्या एका मिनिटामुळे, असं मला वाटतं. लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. लोकांचं काय जातंय म्हणायला!

आम्हा सगळ्यांना त्यांनी रुग्णालयातल्या खात्यांची नावं दिली होती. पिठाच्या गिरणीवाला 'डाएट'. सोसायटीचा वॉचमन 'कॅज्युअल्टी', कारण तो रोज काहीतरी लागून घ्यायचा. माझी बायको 'मेट्रन'. आणि मी 'फार्मसी'. "काय फार्मसी, जेवलास का?" अशी हाक रस्त्याच्या पलीकडूनच यायची. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, मला नाव आहे हो." त्यावर म्हणाल्या, "नावाची माणसं बदलीवर जातात. खातं जागेवर राहतं." त्या दिवसापासून मीही फोनवर त्यांना "फार्मसी बोलतोय" असंच सांगायला लागलो.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. एका माणसाला एक पान, आणि पानावर चार रकाने: तारीख, प्रेशर, नाडी, गोळी. कॉलनीतले बहुतेक म्हातारे त्यात होते. त्यांचा खास डोळा असायचा तो ज्या गोळ्यांची नावं 'लॉल' अशी संपतात त्यांच्यावर. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल. हृदयाला "जरा दमानं घे" असं सांगणाऱ्या गोळ्यांचं हे एक कूळ आहे. डॉक्टर बीपीला देतात, धडधडीला देतात, हृदयविकारानंतरही देतात. सिस्टर म्हणायच्या, "आडनाव एक आहे म्हणून गुण एक समजू नकोस." आणि मग वही उघडून दाखवायच्या. हा बघ, ह्याची नाडी ब्याऐंशीवरून छप्पन्नवर आली, पण प्रेशर जेमतेम दहानं हललं. हा बघ, ह्याचं प्रेशर तीसनं उतरलं, नाडी आपली आहे तिथेच. पुस्तकात अगदी असंच लिहिलंय की नाही, ते मोठ्या डॉक्टरांना ठाऊक. आमच्या कॉलनीतल्या मनगटांवर मात्र असं दिसत होतं. मी दुकानात बसून पदवी विसरलो होतो. त्या वहीनं मला ती पुन्हा शिकवली.

या वहीमुळे एकदा महाभारत झालं. साठेकाका आणि कांबळेकाका हे जानी दोस्त, एकाच फॅक्टरीतून निवृत्त झालेले, रोज दुपारी कॅरम खेळणारे. साठ्यांना ॲटेनोलॉल होतं. त्यांची नाडी पन्नास, पण प्रेशर मात्र एकशे साठला चिकटलेलं. कांबळ्यांना कार्व्हेडिलॉल, प्रेशर एकशे बारा, नाडी ऐंशी. दोघांनी वहीत एकमेकांची पानं चोरून वाचली आणि अक्कल लढवली, की दर रविवारी गोळ्यांची अदलाबदल करायची, म्हणजे दोघांचं दोन्हीही ताळ्यावर येईल! सोमवारी सकाळी साठेकाका बिछान्यातून उठले ते थेट कपाट धरायला गेले, आणि कपाट काही त्यांच्या हाताला लागलं नाही. कपाळाला पाच टाके पडले.

सिस्टरांनी दोघांना माझ्या दुकानापुढे उभं करून जे काही ऐकवलं, ते छापण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं सांगतो. "प्रेशर आणि नाडी या सख्ख्या बहिणी नाहीत. जावा आहेत जावा! एका घरात नांदतात, पण एकीला बोललेलं दुसरीला लागेलच असं नाही." कांबळेकाका खालमानेनं म्हणाले, "चुकलं सिस्टर." साठेकाका म्हणाले, "पण रविवारी बरं वाटत होतं हो." त्यावर त्यांनी साठ्यांकडे असं पाहिलं, की पुढे वर्षभर ते आमच्या फुटपाथनं गेले नाहीत.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ती बाई नव्हती. एक गोष्ट होती, जिला आम्ही सगळे मनातून भ्यायचो. मिनिट संपल्यावर सिस्टर आकडा सांगायच्या, असं मी वर म्हटलं. क्वचित कधी सांगायच्या नाहीत. हात तसाच धरून ठेवायच्या, पुन्हा एक मिनिट मोजायच्या आणि आकडा न सांगता हात अलगद खाली ठेवायच्या. "घरी कोण आहे रे तुझ्या?" असं विचारायच्या. माझ्या डोळ्यांदेखत हे तीनदा झालं. इस्त्रीवाल्याचे वडील, समोरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू आणि एक रिक्षावाला, ज्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. काकू तेवढ्या वाचल्या. बाकीच्या दोघांना महिनाही मिळाला नाही. तेव्हापासून सिस्टरांनी हात धरला की माझी पाचावर धारण बसायची. त्या आकडा बोलल्या की मगच माझा श्वास सुटायचा.

नाडीवर त्यांचा एवढा विश्वास का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी वॉर्डात एक पोरगा आला होता, स्कूटरवरून पडलेला. प्रेशर उत्तम, बोलतोय, हसतोय, चहा मागतोय. डॉक्टर म्हणाले, सकाळी घरी पाठवू. सिस्टरांनी नाडी धरली, शंभर. अर्ध्या तासानं एकशे बारा. आणखी अर्ध्या तासानं एकशे चोवीस. प्रेशर अजूनही उत्तमच. त्या उठल्या, डॉक्टरांच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आधी पोट बघा." पोटात प्लीहा फुटली होती, रक्ताचं तळं साचलं होतं. पोरगा वाचला. "प्रेशर हे घरच्या कर्त्या पुरुषासारखं असतं," त्या मला म्हणाल्या. "घर बुडालं तरी शेवटपर्यंत 'काही काळजी नाही' म्हणत बसतं. घरातल्या बाईची धावपळ आधी सुरू होते. ती नाडी." त्यांच्या माहेरी पांढरा गणवेश चढवणाऱ्या त्या पहिल्या. "आमच्याकडे पांढरं दोनदाच नेसतात," म्हणायच्या, "पौर्णिमेला विहारात जाताना आणि ड्यूटीवर जाताना." दोन्हीकडे त्या सारख्याच गंभीर असायच्या.

आता जे सांगतो, ते नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

एका पावसाळ्यात साठेकाकांना ताप आला. रुसवा विसरून ते आले, हात पुढे केला. सिस्टरांनी मोजलं. "साठ." काका खूश झाले, "म्हणजे ठणठणीत!" सिस्टर मला म्हणाल्या, "थर्मामीटर दे." ताप एकशे तीन निघाला. त्या ताडकन उठल्या. "एकशे तीन तापात नाडी साठ? हा साक्षीदार पढवलेला आहे!" त्याच पावली रिक्षा बोलावून त्यांनी काकांना रुग्णालयात नेलं. न्युमोनिया होता, छाती भरली होती. परत आल्यावर त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. "नाडी म्हणजे साक्षीदार, फार्मसी. जे आत चाललंय ते घाबरून बाहेर येऊन सांगतो. पण ह्या 'लॉल'वाल्या गोळ्या घेणाऱ्याचा साक्षीदार पढवलेला असतो. आत खून झाला तरी कोर्टात शांत उभा राहून 'सगळं ठीक' म्हणेल. म्हणून आधी विचारायचं, गोळी कुठली घेतोस? मग मोजायचं." मी मान डोलावली. मोठा शहाणा असल्यासारखी डोलावली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका दुपारी सिस्टर दुकानात आल्या. त्यांची वेळ नव्हती. दुकानात कुणी नाही हे बघून आल्या होत्या. पर्समधून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली आणि ठेवताना कागद फडफडला. मी वर पाहिलं. त्यांचे हात थरथरत होते. तान्ह्या पोराची शीर पहिल्या टोचणीत शोधणारे हात! म्हणाल्या, "वर्ष झालं. चहाचा कप बशीवर वाजतो. कुणाचं मनगट धरलं की थांबतं, म्हणून तुला दिसलं नाही." मी चिठ्ठी वाचली. मेंदूच्या डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल लिहिलं होतं. थरथरीवर देतात ते, नेहमीचंच औषध आहे. शेवटी 'लॉल' आहे, हे मलाही दिसलं आणि त्यांनाही दिसलं असणारच. पण त्या म्हणाल्या, "ही प्रेशरची नाही हं, हाताची आहे. वहीत लिहायची नाही. आणि कुणाला बोललास तर बघ." मी म्हटलं, "सिस्टर, मी मूग गिळले."

माझ्या दुकानात खण आहेत, दुखण्यानुसार. प्रेशरचा खण, साखरेचा खण, पोटाचा, हाडांचा. कुणी "बीपीची द्या" म्हटलं की हात आपोआप त्या खणाकडे जातो. चाळीस वर्षांची सवय आहे. सिस्टरांची गोळी मी प्रेशरच्या खणात ठेवली नाही. कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून काउंटरखाली एका पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवली, त्यांच्या गुडघ्याच्या मलमाशेजारी. वहीत नाही आणि खणातही नाही. मग ती आमच्या दोघांच्या डोक्यातूनही 'लॉल' म्हणून निघून गेली आणि उरली नुसती 'हाताची गोळी'. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आम्ही दोघं वहीत बोट घालून घालत होतो.

पुढे गुडघे धरले. दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिली चिठ्ठी डॉक्टरांची होती. पुढच्या वेळी सिस्टर नुसतं "ती दे" म्हणाल्या आणि मी दिली. सिस्टरांचा शब्द म्हणजेच चिठ्ठी, असा आमच्याकडे रिवाज पडला होता, आणि तो मीच पाडला होता. "रिकाम्या पोटी घेऊ नका," एवढं सांगायचो. त्या म्हणायच्या, "तू मला सांगतोस?" झालं, विषय संपला.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्या थकल्यासारख्या दिसायला लागल्या. दोन गल्ल्या चालून यायला दोनदा थांबायच्या. "रक्त कमी झालंय, लोहाच्या गोळ्या दे," म्हणाल्या. दिल्या. लोहानं शौचाला काळं होतं, हे त्यांनाही माहीत, मलाही माहीत. तेव्हा काळं झालं तर त्यात विचारायचं काय? असं एकेक करून आम्ही दोघांनी मिळून सगळी दारं लावून घेतली. त्यांची तब्येत विचारायला आम्ही दोन जाणकार होतो ना! तिसऱ्या कुणाची गरजच काय!

तो शुक्रवार होता. साडेपाचला ऊन अजून डोळ्यांवर येत होतं. सिस्टर आल्या, स्टुलावर बसल्या आणि कुणाचाच हात मागितला नाही. डाएट आपणहून हात पुढे करून उभा राहिला, तर म्हणाल्या, "उद्या ये." मग स्वतःचं मनगट काउंटरवर ठेवलं. "फार्मसी, मोज रे जरा. मला काटा नीट दिसत नाहीये."

मी मनगट धरलं आणि दचकलो. मे महिना, बाहेर फरशी पोळत होती आणि सिस्टरांचा हात गार, घामानं ओला. आणि मी काय केलं? मी विनोद केला. म्हटलं, "सिस्टर, हाताला एसी बसवलाय की काय?" त्या हसल्या. मी पूर्ण मिनिट मोजलं, त्यांनी शिकवलं होतं तसं, ओठ मिटून. सहासष्ट. एकसारखी. यंत्रावर प्रेशर घेतलं, एकशे चार आणि अडुसष्ट. त्यांचं नेहमी एकशे तीसच्या आसपास असायचं. मी म्हटलं, "प्रेशर जरा कमी आहे."

"ऊन आहे. पाणी कमी प्यायलेय. नाडी?"

"सहासष्ट."

"नक्की?"

"पूर्ण मिनिट मोजलंय, सिस्टर."

"मग काय झालंय मला?" त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर अशी काही सुटका दिसली, की मलाही हायसं वाटलं. लिंबूपाणी मागवलं, ते अर्धं प्यायल्या. उठताना झोक गेला आणि त्यांनी काउंटरची काच धरली. मी म्हटलं, "बसा, रिक्षा बोलावतो. सुजाताला फोन करतो." त्यांनी माझ्याकडे साठेकाकांकडे पाहायच्या तसं पाहिलं. "सहासष्ट नाडीला कुणी रिक्षा करतं का?" म्हणाल्या आणि चालत गेल्या. काचेवर त्यांच्या पंजाचा ओला ठसा उमटला होता. मी फडक्यानं पुसून टाकला.

आधी विचारायचं, गोळी कुठली घेतोस. मग मोजायचं. विचारायचीही गरज नव्हती हो! डबा माझ्या पायाशी होता.

शनिवारी सकाळी सुजाताचा फोन आला. शनिवारी ती आईकडे यायची. बाथरूमच्या दारात आई पडलेली दिसली आणि रक्ताची उलटी झालेली. मी दुकान तसंच उघडं टाकून रुग्णालयात पळालो. सुजातानं आईच्या उशाजवळचा गोळ्यांचा डबा आणला होता. तरुण डॉक्टरीण बाई एकेक स्ट्रिप उचलून बघत होत्या, आणि प्रत्येक स्ट्रिपवर माझ्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं: सकाळी एक, रात्री एक. त्यांनी हाताची गोळी उचलली आणि थांबल्या. "ही रोज घेत होत्या?"

"हातांसाठी," मी म्हटलं. "थरथरीसाठी."

"बरोबर आहे, पण मग नाडी वाढणार कशी?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगत होत्या. "दुखण्याच्या गोळ्यांनी जठराला व्रण पडलाय. आठ-दहा दिवस तरी आतून रक्त जात असणार. एरवी नाडी शंभरच्या वर गेली असती आणि कुणीही घाबरून आणलं असतं. ह्या गोळीनं ती दाबून धरली. आणि आतल्या रक्तानं शौचाला काळं होतं, पण लोहामुळे त्याचंही कुणाला काही वाटलं नाही."

तीन गोळ्या. तिन्ही माझ्या दुकानातल्या. एकीनं भोक पाडलं आणि दुसऱ्या दोघींनी दारावर पहारा दिला. मी भिंतीला टेकून खाली बसलो. सुजाता म्हणाली, "काका, आर यू ओके? पाणी आणू?" मला म्हणत होती ती. मला!

रविवारी त्या शुद्धीवर होत्या. चार बाटल्या रक्त चढवून झालं होतं. आयसीयूत मला पाच मिनिटं आत सोडलं. त्यांनी हात उचलला, तो नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. मला वाटलं, माझा हात हातात घ्यायचाय. मी पुढे केला. तीन बोटं मनगटावर गेली, बरोबर जागेवर, आणि थरथर थांबली. नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. मी ओठ मिटून उभा राहिलो. पूर्ण मिनिट झालं. त्या पुटपुटल्या, "एकशे दहा. घाबरू नकोस." मी रडायला लागलो. म्हटलं, "सिस्टर, मी सहासष्ट मोजली होती." त्या म्हणाल्या, "सहासष्टच होती. साक्षीदार पढवलेला होता रे, फार्मसी. आपल्या दोघांनाही कळलं नाही." त्यांनी डोळे मिटले. हात मात्र सोडला नाही; नर्सनं येऊन सोडवला.

सोमवारी पुन्हा रक्तस्राव झाला, आणि त्या वेळी काही थांबवता आलं नाही. दुपारी त्या गेल्या. घराबाहेर पांढऱ्या कपड्यातली माणसं जमली, वंदना झाली. साठे आणि कांबळे एकमेकांना धरून उभे होते. मी सुजाताला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, शुक्रवारचं, ठशासकट. मला वाटलं, थोबाडीत मारेल. बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, आई आयुष्यभर दुसऱ्यांचं मोजत राहिली. तिनं एकदा फक्त तुम्हाला मोजायला सांगितलं." एवढंच म्हणाली. माफ केलं की नाही, ते मी आजवर विचारू शकलेलो नाही.

पंधरा दिवसांनी तिनं वही आणून दिली. "मला यातलं काही कळत नाही, तुमच्याकडेच असू दे." मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. डाएट होता, कॅज्युअल्टी होता, माझ्या मेट्रनचंसुद्धा पान होतं. सिस्टरांचं पान नव्हतं. अहो, नसणारच. सिस्टर कधी पेशंट असते का? शेवटच्या कोऱ्या पानावर मी त्यांचं नाव लिहिलं. गोळी: प्रोप्रानोलॉल. प्रेशर: एकशे चार, अडुसष्ट. नाडी: सहासष्ट. त्या पानावर तेवढी एकच ओळ आहे.

दुकानातले खण मी त्याच आठवड्यात मोडले. आता औषधं दुखण्यानुसार नाही, कुळानुसार लावलेली आहेत. हाताची असो, डोकेदुखीची असो की बीपीची, 'लॉल' आडनावाची सगळी एका खणात, आणि खणावर लाल पट्टी. चिठ्ठीशिवाय आता सख्ख्या भावालाही गोळी देत नाही. माझ्या दुकानाचं नाव 'कोर्ट' पडलंय म्हणे. पडू दे. स्टूल तिथेच आहे. जुनी माणसं सवयीनं अजून हात पुढे करतात. मी आधी विचारतो, "कुठली गोळी घेता?" आणि मग मोजतो.

गेल्या दिवाळीनंतर माझंही बीपी वाढलं. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल लिहून दिलं. घेतोय नियमित, गुण आहे. संध्याकाळी साडेपाचला त्या रिकाम्या स्टुलाकडे नजर जाते, आणि गिऱ्हाईक नसेल तर मी काउंटरमागे बसून खुशाल रडून घेतो. तेव्हा बोटं आपोआप मनगटावर जातात. पूर्ण मिनिट मोजतो. आयसीयूत सिस्टरांनी माझी नाडी धरली होती तेव्हा ती एकशे दहा होती. आता त्यांच्यासाठी कितीही रडलो तरी अठ्ठावन्नच भरते.